मन्सूर सरांची फारसी

मन्सूर अत्तार तीस वर्षं कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झाले, आणि विद्यार्थी मिळेनात म्हणून पाठोपाठ तो विषयच बंद झाला. कसब्यातल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. पत्नी अरिबा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा कामरान दुबईला. दिवसभरात बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही "आज अर्धाच" एवढंच.

गेल्या वर्षी जानेवारीत उत्कर्षा नावाची तरुण वकील त्यांच्या दारात उभी राहिली.

"सर, आपण फारसी बोलता ना?"

"वाचतो. बोलायला समोर माणूस लागतो."

माणूस होता. माहेनूर नावाची इराणी मुलगी पुण्यात शिकत होती. तिकडच्या सरकारविरुद्ध तिने इथे निदर्शनं केली, म्हणून वकिलातीने तिचा पासपोर्ट वाढवून दिला नाही. व्हिसा संपला आणि तिला ताब्यात घेऊन एका महिला निवासात ठेवलं. आठवड्याभरात परत पाठवणार होते, आणि तिकडे तुरुंग ठरलेला. आश्रयाच्या अर्जासाठी तिची हकीकत हवी होती. इंग्रजी तिला कामापुरतंच येई, आणि आधी नेलेला दुभाषा तिला वकिलातीचा माणूस वाटल्यापासून तिने तोंडच मिटलं होतं.

सर गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात बोलत तशा फारसीत म्हणाले, "या वृद्धास आपल्यासमोर आसनस्थ होण्याची अनुज्ञा असावी."

मुलीने मान वळवली. "असं कोण बोलतं हो? माझ्या आजोबांचे आजोबा बोलत असतील!"

"मी पुस्तकांतून शिकलो, बेटा. दुसरी येत नाही."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. असलं बोलणारा माणूस वकिलातीचा असणं शक्यच नव्हतं. तीन दिवस ती सांगत राहिली: मोर्चातून उचलून नेलेला भाऊ, घरी येणाऱ्या धमक्या. सर सगळं इंग्रजीत उतरवत गेले. एखादा आजकालचा शब्द अडला की तीच समजावून सांगे आणि त्यांचा उच्चारही सुधारे.

कोर्टाने पाठवणी थांबवली. पुढे नऊ महिने, दर रविवारी, सर दोन बस बदलून तिला भेटायला जात. अरिबा गेल्यापासून इतकं ते कोणाशीच बोलले नव्हते. ऑक्टोबरात दुसऱ्या एका देशाने तिला आश्रय दिला. निरोपाला पाच मिनिटं मिळाली, तीही पोलिसांसमोर.

"जिंकलो सर आपण!" उत्कर्षा म्हणाली.

"हो, हो," सर म्हणाले आणि बसस्टॉपकडे वळले.

माहेनूरचा एकदा फोन आला, घाईतला. मग नाही आला. तिने तिकडे रमावं हेच बरं, असं ते स्वतःला समजावतात. पण रविवारी इस्त्रीचे कपडे घालून झाल्यावर त्यांना आठवतं की जायचं कुठेच नाही. मग तिने सुधारलेले उच्चार विसरू नयेत म्हणून ते फारसी मोठ्याने वाचत बसतात.

खालच्या मजल्यावरच्या चंपाबाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "पाहुणे आलेत का हो, सर?"

"नाही," सर म्हणाले, "गेले."