जाळीवरचा मोगरा

मधल्या बहिणीचं लग्न मे महिन्यात होतं आणि मी सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगून बसलो होतो, नवरी माझ्याच गाडीतून देवळात जाणार. देऊळ म्हणजे चर्च, आम्ही वसईजवळच्या गिरीजचे ख्रिस्ती लोक तसंच म्हणतो. बाबांना मामाची जीप हवी होती. "तुझी गाडी पळते छान, पण हळू चालली की तापते," एवढंच ते म्हणाले. मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

गाडी जुनी, पण इंजिन सोळाशे सीसीचं, आणि हौसेनं मी ते आणखी पळतं करून घेतलं होतं. तेव्हापासून हा वैताग. डॅशबोर्डावरचा तापमानाचा मूळचा काटा मधोमध झोपलेला असायचा, उठायचा तो थेट वाफ निघाल्यावर. म्हणून कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आकडे दाखवणारा मीटर आणला, मोठा रेडिएटर आणला, विजेवर चालणारा पंखा आणला. घरच्या ओट्यासमोर स्वतःच बसवायला घेतलं आणि तीन रविवार त्यात गेले. मीटरच्या सेन्सरचे आटे इंजिनाच्या भोकात बसेनात. बसवले तर कूलंट गळायचं. रेडिएटर दोन बोटं जास्त रुंद निघाला, म्हणून पत्रा कापला, सोबत हातही कापला. पंख्याला दोन वायरी, दोन्ही काळ्या, आणि कुठली कुठे जोडायची हे सांगायला कुणी नाही. जोडल्या, पंखा फिरला, म्हटलं सुटलो एकदाचा.

हायवेला घोडबंदरपर्यंत गाडी दामटवली. आकडा नव्वदच्या वर गेला नाही. घरी येऊन बाबांना मुद्दाम सांगितलं. ते वाडीत केळींना पाणी लावत होते. "बरं," म्हणाले.

आमचा मोगरा रोज दादरच्या बाजाराला जायचा. लग्नाच्या दिवशी बाबांनी एक कळी बाहेर पाठवली नाही. सकाळपासून ओट्यावर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात मोगरा गुंफला आणि त्याची जाड चादर करून माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधली. मी सूट चढवून बाहेर आलो तर ते शेवटची गाठ मारत होते. जीपचा हट्ट त्यांनी सोडला होता. मला फार बरं वाटलं.

वरात निघाली. पुढे बँड, त्यामागे नाचणारे पाहुणे, त्यामागे पहिल्या गिअरमध्ये रांगणारा मी. देऊळ अजून लांब होतं आणि मीटर शंभरावर. मग एकशे पाच. इंजिनाची उष्णता काढायला मी काचा खाली करून हीटर पूर्ण सोडला.

"दादा, मे महिन्यात हीटर? माझा मेकअप उतरतोय," मागून बहीण म्हणाली.

"गप बस. गाडी बंद पडली तर चालत जाशील का?"

एकशे बाराला मी थांबलो. मागच्या जीपमध्ये मामा बसलेला, सगळं गाव बघतंय, आणि माझं डोकं फिरलं. खाली उतरलो आणि बाजूनं चालणाऱ्या बाबांवर ओरडलो, "ही फुलं लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हवा कुठून जाणार आत?" दोन्ही हातांनी ती चादर ओरबाडून काढली आणि रस्त्यावर फेकली. फुलं पिवळी पडली होती, हाताला गरम लागली. बाबांनी ती गोळा करून कुंपणाच्या कडेला ठेवली.

बँडवाल्यांना बाजूला घेतलं आणि मी गाडी पळवत नेली. देवळाच्या फाटकापर्यंत आकडा पंच्याण्णववर उतरला. जेवणाच्या पंगतीत मी ज्याला त्याला सांगत होतो, बघा, फुलांचाच घोळ होता.

दोन महिन्यांनी नालासोपाऱ्याच्या रेल्वे फाटकावर अडकलो, तर गाडी पुन्हा उकळली, आणि जाळीवर एक पाकळी नव्हती. तिथल्या मिस्त्रीनं पंखा चालू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून त्याच्या तोंडावर आला.

"पंखा उलटा फिरतोय," तो म्हणाला. "आतली गरम हवा पुढे फेकतोय. गाडी पळताना वारा लागतो म्हणून कळत नाही. वायरी कुणी जोडल्या?"

त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली आणि हात पुसले. मला ती गरम, पिवळी फुलं आठवली. माझ्याच पंख्यानं ती भाजली होती.

घरी जाऊन बाबांना सांगायचं असं ठरवूनच निघालो. ते जेवत होते. उद्या सांगू म्हटलं, मग ते उद्या कधी आलंच नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता, तरी तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांनी धाकटीचं लग्न. गाडी आता दिवसभर रांगली तरी तापत नव्हती. बाबा वाडीतून एक लहानसा गजरा घेऊन आले, वळसा घालून मागे गेले आणि डिकीच्या कडीला तो बांधू लागले.

"पुढे बांधा ना, बाबा," मी म्हणालो.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या इंजिनाला त्रास होतो."

मी "बरं" म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.