दैवशाला वहिनींना सापडलेला रामजी

आमच्या जुन्या जालन्यातल्या बोळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे मला वासावरून कळतं, आणि काय शिजत नाही हे आवाजावरून. त्यामुळं शेजारच्या दैवशाला वहिनी चष्मा, वही आणि पाण्याची बाटली घेऊन रविवारी चार वाजता घराबाहेर पडू लागल्या, तेव्हा पहिल्याच रविवारी मी ओट्यावरून हटकलं.

"वहिनी, शिकवणी लावली का काय?"

"लावली ना, बद्रीभाऊजी. फुकट हाये. तुम्ही बी चला. तेवढाच बोळीला दोन घंटे आराम."

वहिनींचं वय सेहेचाळीस. दिवसभर ब्लाऊज शिवायचे आणि साड्यांना फॉल लावायचे, म्हणून डोळे कायम लाल. नवरा कल्याण बियाण्याच्या गोदामात माल उतरवून घेतो. सासरे कारभारीमामा ऐंशीच्या पुढं गेलेले, पण आवाज अजून पन्नाशीतला. मुलगी शीतल तेव्हा बारावीत. मूळ गाव वाटूर, तिथं पाच एकर.

शिकवणी होती वाचनालयाच्या मागच्या खोलीत. शिकवणारे नागसेन सर. तहसिलीच्या जुन्या कागदांच्या खोलीत तीस वर्षं धूळ खाऊन रिटायर झालेला माणूस. मोडी येते, उर्दू येते, आणि घरी बसवत नाही. त्यांनी दारावर पाटी लावली होती : आपल्या घराण्याचे कागद आपणच शोधू, फी नाही. पहिल्या रविवारी बावीस माणसं आली. बाविसातल्या वीस जणांना घराण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच शब्द पाहिजे होता. निजामाच्या काळच्या कागदात आपल्या पणजाच्या नावापुढं 'कुणबी' लिहिलेलं सापडलं, की लेकरांना ओबीसीचा दाखला मिळतो, आणि दाखल्यावर कॉलेजातली जागा. शीतलला सरकारी फार्मसीला जायचं होतं. तिचे मार्क ओपनमध्ये थोडक्यात मागं राहणार, दाखल्यावर मात्र बसणार, असा घरातला अंदाज. वहिनी गेल्या त्या त्याच्यासाठी. लपवलं नाही त्यांनी.

सर पहिल्या दिवशी म्हणाले, "तुमचे पणजे शेताच्या कागदात आरामात बसलेले असतात. माझा पणजा शोधायला मला नऊ वर्षं लागली. आमच्याकडं शेतच नव्हतं, मंग कागद कुठून येणार? शेवटी वेठीच्या गावकामाला कुणाकुणाला धरून आणलं त्या यादीत सापडला. नाव अर्धंच होतं. तेवढंच घेऊन आलो."

वहिनींनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी विनोद करायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

सहाव्या रविवारी बाविसाचे सात उरले. मोडी शिकणं म्हणजे मुंग्यांची रांग वाचणं, असं सोडून गेलेल्यांचं म्हणणं. वहिनी भाकरी थापता थापता पिठात बोटानं अक्षरं काढायच्या. निजामाच्या कागदातल्या फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं, हे त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. मी विचारलं, "वहिनी, तुमचं वय फसलीत का इंग्रजीत?"

"तुमच्या शेजारात ऱ्हायल्यापासून पाचशे नव्वद मिळवल्यासारखंच वाटून राह्यलं."

मग परतूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाटूर परतूर तालुक्यात, म्हणून कागद परतूरला. सकाळी सातची बस, अर्ज, वाट, दिवसाला दोन-तीन गठ्ठे, तोंडाला रुमाल, संध्याकाळी परत. जानेवारीत निघायच्या तेव्हा अंगावर शाल असायची, एप्रिलात ओला टॉवेल. ब्लाऊजाच्या बाया दारात येऊन माझ्याकडंच तक्रार करायच्या, जणू मीच वहिनींना लपवून ठेवलंय. संध्याकाळी वहिनी पायरीवर बसून चप्पल काढायच्या तर पायावर पट्ट्यांचे वळ उठलेले असायचे. कल्याण म्हणायचा, "सोडून दे." त्या म्हणायच्या, "सोडते. पुढचा गठ्ठा बघते अन् सोडते."

नवव्या फेरीला रामजी सापडला.

फसली तेराशे एकोणचाळीस. म्हणजे एकोणीसशे एकोणतीस. मौजे वाटूर, बारवाचं शेत, खातेदार रामजी वल्द तुळशीराम, म्हणजे तुळशीरामाचा रामजी, जात कुणबी. बारवाचं शेत म्हणजे तेच, ज्यात आज कल्याण सोयाबीन पेरतो. आणि रामजी म्हणजे कारभारीमामांच्या बापाचा बाप. मामांनी हे नाव साऱ्या बोळीला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझ्या पोरांनाही पाठ. "आमचा रामजी असा होता, आमच्या रामजीच्या दारात दोन बैलजोड्या होत्या." वहिनींनी पेढे वाटले. मला दोन दिले, एक तोंडाला आणि एक तोंड बंद ठेवायला.

रविवारी सरांनी कागद पाहिला, मान हलवली. "छान वाचलंय. आता दुसरा आणा."

"दुसरा कुठला सर?"

"रामजी गेल्यावर जमीन कुणाच्या नावावर चढली तो फेरफार. रामजी अन् तुमच्या सासऱ्याचे वडील, या दोघांना जोडणारा कागद पाहिजे ना?"

वहिनी दहाव्यांदा परतूरला गेल्या. या वेळी शोधावं लागलं नाही, रामजी गेल्याचं साल मामांकडून माहीत होतं. आणि वाचायला कुणाची मदतही लागली नाही. तीन ओळींची मोडी. मयत रामजी, वारस मुलगी ठकाबाई, भ्रतार गोविंदा वल्द भिवाजी.

ठकाबाई म्हणजे कारभारीमामांची आई. गोविंदा म्हणजे वडील. पण गोविंदा रामजीचा नाही, कुण्या भिवाजीचा. वहिनींनी ती ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचली. आपल्यालाच नीट येत नसेल या आशेनं त्यांनी नक्कल सरांपुढं ठेवली.

सरांनी कागद बाजूला सारला आणि भलतंच विचारलं. "वाटूरच्या भावकीत कुणी गेलं तर तुमच्या घरी सुतक किती दिवस?"

"तीन दिवस."

"बाकीच्या भावकीला?"

वहिनी म्हणाल्या, "दहा."

हे तर मलाही माहीत होतं. चार वर्षांपूर्वी वाटूरच्या भावकीतला धर्मराज गेला, तेव्हा चौथ्या दिवशी यांच्या घरात फोडणीचा वास आला होता. मी म्हटलंही होतं, "वहिनी, तुमच्याकडं दुःख जल्दी आवरतं." वहिनी म्हणाल्या होत्या, "मामा म्हणतात शहरात तीनच पाळायचे." बोळीत दुसऱ्याचं सुतक मोजणारा मीच एकटा, आणि मला उलगडा झाला नाही तो नाहीच.

"आईच्या माहेरचं सुतक तीन दिवसांचं," सर म्हणाले. "तुमच्या सासऱ्याला ठाऊक हाये. त्यांचे वडील घरजावई म्हणून आलेले. रामजीला मुलगा न्हवता. फसलीच्या कागदात आडनावं नसायचीच, मास्तरनं शाळेत रामजीच्याच घराचं लावून टाकलं. आपल्याकडं सगळे शेताचा माग धरून वर जातात. शेत बापाकडूनच आलं असं धरून चालतात. तुमचं शेत बाईकडून आलंय."

"अन् दाखला?"

"बापाच्या बाजूनं."

त्या संध्याकाळी आमच्या मधल्या भिंतीला मी कान लावला नाही. गरजच पडली नाही.

"मामा, तुमचे वडील मूळचे कुठले?"

"वाटूरचे."

"मामा, कागद सापडलाय."

 मामा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरात जेवले नाहीत. माझ्याकडं येऊन चहात टोस्ट बुडवून खायचे आणि भिंतीकडं बघायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर, माझ्याशी नाही तर समोरच्या नाल्याशी बोलावं तसं बोलले. "घरजावयाचं पोरगं म्हणून पंगतीत शेवटी बसवायचे मला. मास्तरनं नाव इचारलं का पोरं हसायची. मंग म्या रामजीचाच झालो. सत्तर वर्सं झालो."

मी अशा वेळी काहीतरी टाकून बोलतो. त्या दिवशी दुसरा टोस्ट पुढं केला.

घरात जाऊन त्यांनी सुनेला गावाचं नाव सांगितलं. अंबड तालुक्यातलं लहानसं गाव. दाखल्याची शेवटची तारीख अठरा दिवसांवर आली होती. भिवाजीच्या नावापुढंही 'कुणबी' असू शकत होतं, म्हणून वहिनी पुन्हा निघाल्या. आता बस अंबडची, गठ्ठे दुसरे, उन्हाळा तोच. शीतल सोबत यायला निघाली तर तिला परत पाठवलं, "तू अभ्यास कर. ही माझी मजुरी हाये." चौथ्या फेरीला त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. चपला काढायचंही सुचलं नाही.

"सापडला का?" मी विचारलं.

"सापडला."

"मंग?"

"मंग काय, भाऊजी. भिवाजी वल्द लक्ष्मण, जात मराठा. बिलकुल सुवाच्य. एक अक्षर बी पुसट न्हाई."

कारभारीमामा दारात उभे होते. म्हणाले, "वाच बरं, काय लिव्हलंय."

वहिनींनी वाचलं.

"परत वाच."

वहिनींनी परत वाचलं. तिसऱ्यांदा मामांनी कागद हातात घेतला. मोडी त्यांना कुठली येतेय, पण धरून उभे राहिले. सुनेला पाणी द्यायचं मात्र त्यांना सुचलं नाही. ते मी दिलं.

कल्याणचं म्हणणं सरळ होतं. रामजीचा कागद खरा आहे, शिक्का खरा आहे. दुसरा कागद दाखवायचाच नाही. मामांनी शपथपत्रावर लिहून द्यायचं की रामजी माझ्या बापाचा बाप, काम झालं. सरांना विचारलं तर सर म्हणाले, "आज दाखला मिळंल बी. पुढं पडताळणी होते. तिथं कुणी फेरफार मागितला तर पोरगी तिसऱ्या वर्षाला अडकंल. तुम्ही वाचलेलं तुम्हाला आता न वाचलेलं करता येणार न्हाई, बाई." वहिनींनी ऐकून घेतलं. दोन रात्री मशीन चालवत बसल्या, राहून गेलेले ब्लाऊज होते. तिसऱ्या सकाळी कल्याणला म्हणाल्या, "करा तुम्हाला काय करायचं ते. माझ्यात आता दम न्हाई."

कल्याणनं शपथपत्र टाइप करून आणलं. वंशावळ बराबर उतरंडीनं : तुळशीराम, रामजी, गोविंदा, कारभारी, कल्याण, शीतल.

शेवटच्या दिवशी गोदामात दोन ट्रक आले, कल्याण अडकला. म्हणून सासरा-सुनेला सेतू केंद्रावर घेऊन मी गेलो. मामांनी धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातली होती. रांग दरवाज्याबाहेर पार रस्त्यावर आलेली. दीड घंटा उभे होतो. मी रांगेतल्या लोकांना हसवायचा प्रयत्न केला, पण त्या रांगेत हसायला कुणी आलेलंच नव्हतं. वहिनी भिंतीला खांदा लावून उभ्या. मामांना कुणीतरी स्टूल दिलं, ते बसले नाहीत.

कॉम्प्युटरवर प्रीती नावाची मुलगी होती. सकाळपासून तेच तेच विचारून तिचाही आवाज बसलेला. कागदावरून नजर न काढता तिनं विचारलं, "बाबा, पूर्ण नाव?"

"कारभारी."

"वडलांचं?"

"गोविंदा."

"त्यांच्या वडलांचं?"

मामांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"भिवाजी."

प्रीतीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "इथं रामजी लिहिलंय, बाबा."

"ते माझ्या आईचे वडील. चांगला माणूस व्हता. पण माझ्या बापाचा बाप भिवाजी. अंबडकडचा. कागद हाये."

मागचा माणूस म्हणाला, "चला की लवकर." मी वहिनींकडं पाहिलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मामा विसरभोळे झालेत, लिहा तुम्ही रामजी. एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. प्रीतीही थांबली होती, त्याचीच वाट बघत.

वहिनी म्हणाल्या, "बरोबर सांगून राह्यले ते." आणि खिडकीतून हात घालून कागद परत घेतले.

रिक्षानं परत आलो. 

शीतल दारातच उभी होती. तिनं तिघांची तोंडं बघितली.

"ओपनच ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

मामा उंबऱ्यावर थांबले. "पोरी, तुझं नुकसान केलं म्या."

"आबा, आधी पाणी प्या," शीतल म्हणाली. तांब्या त्यांच्या हातात दिला आणि आईकडं वळली, तर आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपून गेली होती. चष्मा नाकावर तसाच, कागदांची पिशवी मांडीवर. कुणी उठवलं नाही.

शीतलनं मोबाईलवर ओपनची यादी काढली आणि ती खालच्या कॉलेजापासून वर वाचत बसली.