गार आहे, पण येत नाही

अकोल्याच्या मे महिन्यात मोटारीचा हीटर पूर्ण लावून समाधानी चेहऱ्यानं बसू शकणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा आहे. मावसाजींची सगळी नोकरी कालव्याचं पाणी कुठं मुरतं ते शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर जठारपेठेतल्या घरी बसून ते गाड्यांमधली गार हवा कुठं मुरते ते शोधतात. दुरुस्तीशी त्यांना कर्तव्य नाही. बिघडलेली गाडी गॅरेजात टाकून मोकळं होणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव येते. घरी पाहुणा आला की ‘या, बसा’ म्हणायचं मावशीनं. हे आधी पाहुण्याच्या गाडीत जाऊन बसणार, हवेच्या जाळीपुढं तळहात धरणार आणि डोळे मिटून घेणार. “कॉम्प्रेसर उशिरा लागून राहिला तुह्या गाडीचा. टक् असा आवाज आला का? नाई आला.” खिशात घरातलं तापाचं थर्मामीटर असतंच. त्यानं गारवा मोजता येत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. “मंग गाडीले ताप नाई, एवढं तर कळते!” म्हणाले.

हवा कुठून येते आणि कुठं जाते हे बघायला ते उदबत्ती वापरतात. एका लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी दारात उभी होती. एसीबद्दल ड्रायव्हरची काही तक्रार आहे एवढं कानावर पडताच मावसाजी पेटती उदबत्ती घेऊन आत शिरले आणि धूर कुठं वळतो ते एकेका जाळीपुढं निरखू लागले. वऱ्हाडातल्या दोन बायकांनी भक्तिभावानं बॉनेटला हळदकुंकू लावलं, एकीनं नारळही मागवला. “फोडा नारळ,” मावसाजी आतूनच म्हणाले, “पन पंख्यापासून दूर.”

हीटरचा प्रसाद मला स्वतःला मिळालेला आहे. भर मे महिन्यात आम्ही दोघं अकोल्याहून अमरावतीला, माझ्या घरी निघालो होतो. मूर्तिजापूर मागं पडलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. मावसाजींनी शांतपणे एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. “त्याची गर्मी आपन घेतली का त्याले आराम पडते.” काटा खरोखरच उतरला. अमरावतीला मी उतरलो तेव्हा माझी उकडलेली शेंग झाली होती. “काय वाटून राहिलं?” त्यांनी विचारलं. चेष्टा म्हणून नव्हे, त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग गेल्या दिवाळीनंतर त्यांच्याच गाडीची हवा मंदावली. ‘गार आहे, पण येत नाही’ असा निकाल देऊन ते कामाला लागले. गॅस तपासून घेतला, पट्टा बदलला, पुढची जाळी धुतली, चढावर काय होतं ते बघायला गाडी पातूरच्या घाटात नेऊन आणली. डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागं हवेचा फिल्टर असतो, तो काढून पाहिला का, असं मी विचारलं. “तो शेवटी. तिथंच सापडलं तं बाकीचं पाहाचं राहून जाईन!”

त्याच हिवाळ्यात घरातही एक बिघाड झाला होता. मावशीनं लाखवातींचा नेम धरला होता. कापसाच्या लाख वाती वळून देवाला वाहायच्या. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहणारी तिची धाकटी जाऊ रोज दुपारी यायची आणि दोघी पडवीत बसून वाती वळायच्या. सुतानं बांधलेल्या जुड्या टोपलीत ठेवत. त्या कमी होऊ लागल्या. एक दिवस मावशी बोलून गेली, “या पडवीत आपल्या दोघींशिवाय तिसरं कोन येते?” धाकटीनं पदरावरचा कापूस झटकला, चप्पल घातली आणि ती पुन्हा आली नाही. एका टोपलीपायी जन्माचं जावापण तुटलं. मावशी एकटीच वळत राही, पण हात चालत नसत. हेही जरा शोधून काढा, असं मी मावसाजींना म्हटलं. “मानसाईतला बिघाड मले नाई समजत, बावा. तिथं थर्मामीटर कुठी लावू?” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल नाही असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला वाईट वाटलं.

होळीनंतर मी गेलो तेव्हा तपासायला दुसरं काहीच उरलं नव्हतं. मावसाजींनी नाइलाजानं कप्पा काढला, फिल्टर ओढला आणि त्याच्याबरोबर उंदराचं अख्खं घरटं बाहेर आलं. पांढरंशुभ्र. सगळं वातींचंच होतं, काही जुड्यांचं सूतही सुटलं नव्हतं. “अवं, इकडं ये बरं,” त्यांनी मावशीला हाक मारली. तिनं एक वात उचलून चिमटीत फिरवली.

“हे माही नाई. हे तिच्या हातची. मले इतकी बारीक येत नाई.” ती गाडीच्या दारातच खाली बसली. “मी तिले काय बोलली वो...”

ती रडत होती आणि आम्ही दोघं पुरुष फिल्टरकडं बघत होतो.

“चाला,” थोड्या वेळानं ती म्हणाली. जुन्या शहरातल्या धाकटीच्या गल्लीत गाडी जात नाही. मावशी घरटं कागदात धरून एकटीच आत गेली. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. बऱ्याच वेळानं दोघी बरोबर बाहेर आल्या. धाकटीचेही डोळे लाल होते, पण ती म्हणत होती, “उंदीर मोठा पारखी, बाई. माह्याच नेल्या!”

मे महिन्यात मी पुन्हा गेलो तर अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी चालू उभी. मागच्या सीटवर दोघी जावा, मध्ये टोपली. पुढं मावसाजी, जाळीपुढं तळहात धरून. हवा गार होती आणि भरभरून येत होती. धाकटी लग्न होऊन आल्यापासून रीतीप्रमाणे आपल्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या या थोरल्या भावाशी, थेट बोललेली नाही. आताही ते हातभर अंतरावर असताना ती मावशीलाच म्हणाली, “बाई, त्याईले म्हना, जरा बंद करा. वाती उडून राहिल्या.”

मावशीला सांगावं लागलं नाही. मावसाजींनी हात काढून घेतला आणि ज्यासाठी सगळा हिवाळा घालवला तो वारा स्वतःच बंद केला. काचा खाली गेल्या, बाहेरची गरम झळ आत आली. गाडीतून मात्र कोणीच उतरलं नाही.