कावळा छाप सहा बशा

इंग्लंडातल्या लाँगटनमध्ये माणसं बशीत काय वाढलंय ते मागाहून बघतात. आधी बशीच्या तळाला काय छापलंय ते बघतात. लग्न असो, मयत असो, दवाखान्याचं कॅन्टीन असो, हातात बशी आली की ती उलटी व्हायलाच हवी. रिकामी असेल तर काही प्रश्नच नाही. भरलेली असेल तर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची, मान मागे टाकायची आणि खालून छाप वाचायचा. हे करताना वरचा रस्सा अंगावर येऊ न देण्याची कला इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येते. मागे एकदा शहराच्या मेजवानीला लंडनहून कोणी मंत्रीसाहेब आले होते. पहिला घास घ्यायच्या आधी दोनशे माणसांनी एकदम बशा आकाशाकडे धरल्या, तेव्हा त्यांना वाटलं की ही इथली प्रार्थनाच आहे. तेही बिचारे डोळे मिटून बसले.

पण गावाची तरी काय चूक? इथं दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी कपबशांच्या कारखान्यात होतं. कारखाने एकेक करून मिटले, कुठं गालिच्यांचं दुकान आलं, कुठं व्यायामशाळा आली, पण बशीची पाठ बघायची खोड काही मिटली नाही. त्यातून बॅग्नल अँड क्रो ह्या कारखान्याचा छाप म्हणजे तर मुकुट घातलेला कावळा. आपल्याकडे कावळा शिवला की जीव शांत होतो. लाँगटनकरांचा तो बशीखाली दिसला की होतो.

अशा गावात हेडली ट्रस्कट राहायला आला, तो पार दुसऱ्या टोकाहून, कॉर्नवॉलहून. सेंट ऑस्टेलच्या खाणीत त्यानं चाळीस वर्षं पांढरी माती काढली होती. ती माती गाडीत भरायची आणि पाठवून द्यायची, ती थेट लाँगटनला. लग्न राहून गेलं, खाणीतून निवृत्त झाला आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्यानं बहिणीला सांगितलं की मी घर विकून लाँगटनला चाललो.

"तिकडं समुद्र आहे का?" बहिणीनं विचारलं.

"नाही."

"मग आहे काय तिकडं?"

"माझी माती आहे," हेडली म्हणाला. बहिणीनं शेजारी बसलेल्या आपल्या जावयाच्या कानात डॉक्टरचं नाव सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात तो ओटच्या धिरड्यांच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला. दुकान कसलं, एका घराची खिडकी. आत तवा, बाहेर रांग. त्याच्या पुढं लाल टोपीतल्या एक बाई होत्या. हेडलीनं घसा खाकरला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "तुम्ही लोकांनी ज्या कपबशा बनवल्यात ना, त्यांची माती मी पाठवलेली आहे. जगात एक नंबर माती!"

लाल टोपी वळली. "बरं झालं बाई, आलास ते. चाळीस वर्षं आम्ही तिच्यातले खडे वेचत होतो, बदका."

रांग खो खो हसली. लाँगटनमध्ये सगळे सगळ्यांना बदक म्हणतात. बसचा ड्रायव्हर डॉक्टरला म्हणतो आणि डॉक्टर मेलेल्या माणसालाही म्हणत असावा. हेडलीला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं आपल्या चालीवर बोलल्या. तो दोन दिवस पाय सरळ टाकत चालला. तिसऱ्या दिवशी मात्र पुन्हा त्याच वेळेला रांगेत हजर, आणि डोळे लाल टोपी शोधतायत.

ह्या मेव्हिस ब्लूर. कावळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं सोन्याची रेघ ओढायच्या. बशी फिरत्या चाकावर ठेवायची, कुंचला तिच्या काठाला टेकवायचा आणि श्वास रोखायचा. बशी एक फेरा घेते, रेघ आपली आपण पुरी होते. प्रत्येक बाईची आपली खूण असायची, बशीच्या पाठीवर ती काढायची. मेव्हिसची खूण दोन तांबडे ठिपके. आणि त्या ठिपक्यांबद्दल बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. ते बाई दुकानात बोलत, बसमध्ये बोलत, एकदा तर दात काढून घेताना बोलल्या: "एकतीस वर्षांत माझी एक बशी रद्द झाली नाही!"

हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं होतं ते नोरा स्विनर्टननं. नोरा शेजारच्या बाकावर बसायची. तिच्या अकरा बशा साठ साली रद्द झाल्या होत्या आणि त्या अकरांची आठवण मेव्हिसनं तिला त्यानंतर दर नाताळात करून दिली होती. तरी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

तर दोन वर्षं हेडली आणि मेव्हिस गुरुवारी धिरडी खात, रविवारी तळ्याकाठी फिरत. चीज आणि बेकन घातलेलं धिरडं तोंडात असताना हेडलीनं एके दिवशी लग्नाचं विचारलं. मेव्हिसनं आधी आपलं धिरडं संपवलं.

"तुझ्या घरी मी अजून पाण्याचा घोट घेतलेला नाही," ती म्हणाली. "का घेतला नाही, माहितीये?"

"बशांमुळं," हेडली मान खाली घालून म्हणाला. त्याच्या बशा सुपरमार्केटातल्या होत्या. तळाला छाप नव्हता, किमतीचा कागद होता.

"त्या बशांत मी मांजराला दूध द्यायची नाही. पुढच्या शनिवारी चहाला बोलव. धाकट्या बहिणीला, ऑलिव्हला, घेऊन येते, नोराही येईल. ऑलिव्हला पसंत पडलं आणि नोराला बोट ठेवायला जागा मिळाली नाही, तर चहा संपायच्या आत हो म्हणेन."

"आणि जागा मिळाली तर?"

"तर मग तू आपला तुझ्या समुद्राकाठी बरा."

हेडलीनं पाच दिवस बाजार पालथा घातला. शुक्रवारी संध्याकाळी एका म्हाताऱ्याच्या गाड्यावर, तुटक्या दिव्याच्या मागं, त्याला कावळा दिसला. सहाच्या सहा बशा, पाठीवर मुकुटासकट कावळा! कावळ्याच्या पोटावरून एक बारीक आडवी रेघ गेली होती. एवढ्या जुन्या मालावर ओरखडा असायचाच, त्यानं मनाशी म्हटलं. काठाची सोन्याची रेघ मधूनमधून टुणकन उडी मारत होती. हाताचं काम आहे, यंत्राचं थोडंच! आणि खाली दोन तांबडे ठिपके बघून तर तो गाड्यावरच्या म्हाताऱ्याला मिठी मारायला निघाला. प्रत्यक्ष मेव्हिसच्या हातच्या बशा! घरी येईस्तोवर त्यानं पिशवी बाळासारखी छातीशी धरली होती.

शनिवारी चार वाजता तिघी आल्या. हेडलीनं हॅमची सँडविचेस केली होती, कांद्याचं लोणचं होतं, गावाकडच्या पद्धतीचा केशरी केक होता. सगळ्या बशा त्यानं भरूनच मांडल्या होत्या. नोरानं खुर्चीत बूड टेकवायच्या आत बशी डोक्यावर उचलली. ऑलिव्हनं उचलली. मेव्हिसनंही उचलली. तीन बशा हवेत, तीन माना मागे. हेडली हात चोळत उभा.

नोराच्या बशीतला लोणच्याचा कांदा घरंगळत येऊन तिच्या केसांत बसला. तिनं तो काढलासुद्धा नाही.

"ऑलिव्ह," ती फार गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या कावळ्याच्या पोटावर रेघ आहे का गं?"

"आहे."

"आडवी?"

"आडवी."

"माझ्यापण. आणि हे दोन तांबडे ठिपके कुणाचे गं बाई? माझे तर तीन निळे असायचे."

मेव्हिसनं बशी खाली ठेवली. तिचा चेहरा केकपेक्षा केशरी झाला होता. हेडलीला आधी वाटलं, आनंदानं.

"ओरखडा आहे तो," तो म्हणाला. "जुना माल ना."

"ओरखडा!" नोरा टुणकन उठली. "अरे बदका, कावळ्याच्या पोटात रेघ मारतात ती बशी रद्द झाली म्हणून! ही कारखान्यानं बाद केलेली बशी आहे. ही, ही, आणि तीपण. सहाच्या सहा! एकतीस वर्षांत एक नाही म्हणे!"

हेडलीनं मेव्हिसकडं पाहिलं. ती कोटाची बाही शोधत होती. दोन वर्षांचे गुरुवार दाराकडं निघाले होते. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे पहिलं सुचलं ते तो बोलला.

"ती रेघ मी मारली. चाकूनं. बशी खरी की खोटी बघायला."

नोरानं कावळ्यावरून नख फिरवलं. "सहाही बशांवर? एकाच जागी?"

"माझा हात स्थिर आहे."

"आणि ही सोन्याची रेघ उड्या मारतेय ती? तीही चाकूनं?"

"ती..." हेडलीनं डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "तो मातीचा दोष. कुठल्या सालच्या बशा ह्या?"

"ह्या नक्षीच्या आहेत म्हणजे चौऱ्याहत्तरच्या," ऑलिव्ह म्हणाली.

"तेच! चौऱ्याहत्तर साली आमची माती वाईट निघाली होती. बशी भट्टीत वाकली, वाकड्या बशीवर कुंचला उडला. मेव्हिसचा काय संबंध? माती मीच पाठवली होती. कळत असून पाठवली."

दोन वर्षं ह्या माणसानं धिरड्याच्या रांगेत, तळ्याकाठी, केस कापताना, आपल्या मातीबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेतला नव्हता. खड्यांच्या त्या चेष्टेचं उत्तर त्यानं खाणवाल्यांचं पत्र मागवून दिलं होतं आणि ते पत्र दुकानाच्या खिडकीला चिकटवलं होतं.

"अगंबाई!" नोराला दोन्ही हातांत लाडू आल्यासारखं झालं. "एक नंबर माती, नाही का? थांब, सोमवारी रांगेत सांगते सगळ्यांना. ते पत्र मीच फाडते."

"नोरा, खाली बस," मेव्हिस म्हणाली. एक बाही कोटात, एक बाहेर. "मातीला काही झालेलं नव्हतं. मला उचकी लागली होती."

"काय लागली होती?"

"उचकी! मंगळवार होता. सकाळी आठ ते दुपारी दोन. पाणी प्यायले, श्वास रोखला, उचकी थांबावी म्हणून ऑलिव्हनं तिच्या बाकावरून येऊन पाठीत गार किल्ली टाकली..."

"टाकली होती," ऑलिव्ह म्हणाली. "त्या उचकीनं बशा गेल्या ते आत्ता कळलं." तिनं एक बशी उजेडात धरली. "एक, दोन, तीन, चार. ह्या बशीत चार उचक्या आहेत, मेव्हिस. त्या तिकडच्या बशीत पाच."

"दोन डझन गेल्या. मुकादमाला मी घरची पोर्क भरलेली कचोरी दिली आणि म्हटलं, बाबा, ह्या फोडून टाक, कुणाला बोलू नकोस. तो बोलला नाही. पण मेल्यानं फोडल्या नाहीत, विकल्या!" मेव्हिसनं बोट रोखलं. "आणि उचकी कुणामुळं लागली? मुकादमाचा केसांचा टोप जेवताना सूपच्या वाडग्यात पडला, ती गोष्ट कुणी सांगितली? मी रेघ ओढत असताना? सांगून स्वतः गेली पळून, तिकडच्या खोलीत पेट्या मोजायला!"

नोराच्या खांद्यांपासून काहीतरी हलायला लागलं. "तो टोप..." ती म्हणाली, "तो त्यानं पिळून... परत डोक्यावर..." आणि पुढं काही बोलताच येईना. तीस वर्षांपूर्वीचं ते सूप तिघींना पुन्हा दिसलं. ऑलिव्ह टेबलावर कपाळ टेकून हसली. नोराच्या केसांतला कांदा आपला आपण खाली पडला. हेडली चहाची किटली धरून उभाच. त्याला टोपाचं काही कळलं नव्हतं आणि लग्नाचंही.

हसू ओसरल्यावर नोरा डोळे पुसत म्हणाली, "तरी सोमवारी सांगणारच आहे मी. उचकीचं."

"सांग," मेव्हिस म्हणाली. "आणि तुझ्या अकरांचंही सांग. मोजून चोवीस-अकरा होतात, मला ठाऊक आहे. बस आता, खा."

मग तिनं कोटाची दुसरी बाही घालायच्या ऐवजी पहिलीही काढली आणि हेडलीकडं वळली.

"खरं सांग. चौऱ्याहत्तरची माती वाईट होती?"

हेडलीला राहवलं नाही. "वाईट? अगं, चौऱ्याहत्तरची माती म्हणजे लोणी! तसली माती पुन्हा निघाली नाही!"

"मग खोटं का बोललास?"

"दुसरं काही सुचलं नाही."

मेव्हिसनं त्याला नीट बघून घेतलं. "सहा बशांवर चाकूनं रेघ म्हणे. एवढं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नाही. ऑलिव्ह, तुला काय वाटतं?"

"शाळेतलं पोर बरं बोलेल," ऑलिव्ह म्हणाली.

"नोरा?"

"मला तर लाज वाटली त्याच्यासाठी."

"तेच म्हणते मी," मेव्हिस म्हणाली आणि तिनं केशरी केकचा मोठा तुकडा आपल्या बशीत ओढला. "ह्या वयात नवरा करायचाच तर असाच करावा. पहिल्या शब्दाला पकडता येईल. हेडली, चहा ओत, गार होतोय. आणि तारीख ऑक्टोबरातली धर; सप्टेंबरात नोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ती नाचणार म्हणते."