भिंतीपलीकडची ढोबळी मिरची

आमच्या किन्हीराजाच्या थांब्यावर मालेगावची काळी-पिवळी जीप भरेपर्यंत दादा माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. त्यानं माझी पेटी टपावर चढवली, दोरी आवळली, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "काहून हट्ट करून राह्यली, मंदा? एकली बाई शहरात कशी राहीन? लोक काय म्हणतीन?"

"जे इथं म्हणून राह्यले, तेच म्हणतीन," मी म्हणाले.

लग्न मोडून माहेरी आल्याला वर्ष झालं होतं. नर्सिंग लग्नाआधीच झालेलं होतं आणि वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यानं बोलावलं होतं. दादा-वहिनी, तुम्हाला ते पळून जाणं वाटलं. आईनं मात्र बियांसाठी ठेवलेल्या मूठभर वाळक्या लाल मिरच्या माझ्या हातात दिल्या आणि एवढंच म्हणाली, "खोली पाह्याच्या आधी माती पाहजो."

हे लिहितेय ते तुमच्यासाठीच. आणि माझ्यासोबत ड्यूटी करणाऱ्या मानोऱ्याच्या, केनवडच्या पोरींसाठीही, ज्या घरी फोन लावताना आवाज मुद्दाम हसरा ठेवतात.

कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. पुढं खाटेएवढी जागा होती, पण माती कसली? विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, मुरूम. मी ते सगळं उकरून काढलं आणि सुट्टीला गावी आले तेव्हा काळी माती पोत्यात भरून नेली. गाडीवाला ओरडला, "बाई, अर्धं गाव घेऊन चालली का?" जूनमध्ये आईच्या बियांची रोपं टाकली. हिवाळ्यापर्यंत झाडं कमरेला आली आणि मिरच्या आभाळाकडं तोंड करून लागल्या. अशा तिखट, की खुडल्यावर बोटं साबणानंही शांत होत नसत.

शेजारच्या सुमनकाकूंकडे मातीच्या पिशव्यांमध्ये लावलेली ढोबळी मिरची होती, लाल आणि पिवळी. त्या बाजारातून बी न आणता दरवर्षी आपल्याच मिरच्यांचं बी धरत. काकूंची ढोबळी कॉलनीत घरोघरी जायची. माझ्या घरी कधी आली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं होतं. आडनाव ऐकलं, दारातली बुद्धाची मूर्ती पाहिली आणि "असं होय," म्हणाल्या. पहिल्या तोडीच्या मिरच्या मी वाटीत घालून त्यांच्या भिंतीवर ठेवल्या, हाकही मारली. वाटी दिवसभर उन्हात राहिली. संध्याकाळी मी ती उचलून आणली, सुकलेल्या मिरच्यांचा ठेचा केला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. रडले नाही. वहिनी, हे तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग कायले राह्यतं तिथं?" म्हणून सांगितलं नाही.

पुढल्या हिवाळ्यात काकूंची ढोबळी गोड आलीच नाही. निमुळती, लहान, आणि जहाल. त्यांच्या नातीनं कच्ची खाल्ली आणि सगळी गल्ली गोळा केली. काकू प्रथमच माझ्या फाटकाशी आल्या.

"माझं बियाणं बाटवलं तुम्ही!"

आजूबाजूच्या बायका दारात उभ्या होत्या. तो शब्द आमच्या घरात आजोबांपासून ओळखीचा आहे. मी आवाज चढू दिला नाही.

"बाटलं नाही, काकू. गेल्या वर्षी फुलं असतानाच वाणात वाण मिसळला. मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जाते, ती भिंत पाहून थोडीच उडते? हे पाहा, माझीही बिघडली." मी माझ्या एका झाडाच्या मिरच्या दाखवल्या. आईच्या मिरच्या कशा बारीक आणि लांब. या आखूड, जाड, तिखटाला कमी. "मी आले का तुमच्याकडे भांडायला?"

"ते मले सांगू नका. झाडं उपटा."

"नाही उपटणार. तुम्हाला शुद्ध बी पाहिजे ना? मग बियांसाठी ठेवाल त्या कळ्यांना उमलायच्या आधी मच्छरदाणीचा तुकडा बांधा. मीही बांधते."

दुसऱ्या दिवशी घरमालकाचा फोन आला. झाडं काढा, नाहीतर करार संपल्यावर खोली सोडा. मी म्हटलं, "खोली सोडते."

आणि सोडली. पण झाडं तिथं मरायला ठेवली नाहीत. रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये मुळांच्या मातीसकट उचलली आणि हातगाडीवर मांडून, भर दुपारी, कॉलनीच्या मधोमधच्या रस्त्यानं नेली. मागच्या गल्लीनंही जाता आलं असतं. मुद्दाम नाही गेले. सुमनकाकू ओट्यावर होत्या. त्यांच्या ढोबळीच्या कळ्यांवर मच्छरदाणीच्या निळ्या टोप्या दिसल्या. आमची दोस्ती झाली असं मी सांगणार नाही. ती झाली नाही.

नवी घरमालकीण रझियाचाची. तिनं नाव नंतर विचारलं, आधी विचारलं, "इत्ते झाडांले पानी कायचं देशीन, बेटा?" आता तिच्या अंगणात माझ्या तीन रांगा आहेत. एक आईच्या मिरचीची, एक विकतच्या बियाण्याच्या ढोबळीची, आणि एक त्या मिसळलेल्या वाणाची. लोक म्हणतात तिसरी काढून टाक, ना धड गोड ना धड तिखट. मला भजी तिचीच आवडतात. बाजारात कुठं मिळत नाही ती. मीच तिचं बी धरते.

मागच्या महिन्यात दादा डोळे दाखवायला वाशीमला आला, माझ्याकडंच मुक्कामी राहिला. मी चुलीवर नाही, गॅसवरच भाकरी टाकत होते. ओसरीतून त्याचा फोनवरचा आवाज आला. कोणीतरी विचारत असावं, कुठं उतरला, लॉजवर का?

"लॉजवर कायले?" दादा म्हणाला. "घर हाय ना आपलं इथं. मंदाचं."

मी मागं वळून पाहिलं नाही. पिठाला हात लावला आणि आणखी एक भाकरी थापायला घेतली.