बाबांची खेळी

"हरू दे ना त्याला!" स्क्रीनकडे बोट दाखवून ती हे इतक्यांदा म्हणायची की आमच्या मरोळच्या ऑफिसात कुणाचंही काही चुकलं की सगळे तेच म्हणू लागले. आता ती मुंबईत नाही, पण आम्ही अजून म्हणतो.

'तो' म्हणजे तिने लिहिलेला, वाघ-बकरी खेळणारा प्रोग्राम. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघाने वरून उडी मारली की बकरी मेली; बकऱ्यांनी सगळे वाघ कोंडले की त्या जिंकल्या. तिने त्याला एवढे नियमच सांगितले होते. डावपेच त्याने हरून हरून स्वतः शिकायचे.

मी शेजारच्या टेबलावर बसायचो. एकदा म्हटलं, "अगं, दोन युक्त्या सांग की त्याला."

"तू सायकल काय ऐकून शिकलास का रे?"

घरचं दुखणं ऑफिसात न आणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती त्यातली. प्रोग्राम वडिलांसाठी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वडील वर्ध्याकडचे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं. अर्धांगवायूने उजवा हात आणि वाचा नेली. आई आधीच गेलेली. ही ऑफिसला आली की घाटकोपरच्या खोलीत ते दिवसभर एकटे. लहानपणी त्यांनीच तिला फरशीवर कोळशाने पट आखून हा खेळ शिकवला होता.

तिने घरी टॅबवर तो घालून दिला होता; प्रोग्राम वाघ खेळायचा, बाबा बकऱ्या. सुरुवातीला प्रोग्राम अगदीच ढ होता. वाघ स्वतःच कोपऱ्यात जाऊन अडकायचे. एका सकाळी ती धावतच आली. "बाबा हसले रे! तोंड वाकडं झालं, पण हसले!"

मग प्रोग्राम शिकला. बाबा रोज हरू लागले, भिंतीकडे तोंड करून पडू लागले. तिला ते बघवेना. तिने गुपचूप जुना, ढ प्रोग्राम टॅबवर परत टाकला. तिसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने पाटीवर वेडंवाकडं लिहिलं, 'कीव नको.'

"बोलता येत असतं ना, तर चाळ डोक्यावर घेतली असती," ती मला सांगत होती. हसत होती, पण डोळे भरले होते.

पुन्हा हुशार प्रोग्राम आला. बाबा पुन्हा हरू लागले, पण आता झुंजून. चहाच्या वेळी ती मॅचचा स्कोअर सांगावा तसं सांगायची, "काल दोन वाघ कोंडले!"

एका दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. ती घाटकोपरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेलो. कॉटवर टॅब होता, चार्जरला लावलेला. डाव अर्धवट. दोन वाघ पुरते कोंडलेले, तिसऱ्याला एकच वाट मोकळी. खाली अक्षरं होती, 'तुमची खेळी.'

"बंद करवत नाही रे. तू कर ना."

माझाही हात पुढे होईना.

शेवटी तिने टॅब जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिली. मग एक बकरी सरकवली. त्याच क्षणी वाघाने उडी मारली. बकरी गेली, वाघ सुटला.

"बाबांनी ही चूक केली नसती रे," ती म्हणाली, आणि त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली.