चढावरची मोपेड आणि आमटीची बादली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी माझ्या पगारातून मोपेड घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की ती मला घेऊन येडगाव धरणाखालचा चढ चढत नाही. सपाटीला झकास पळायची. चढ आला की आधी आवाज बदलायचा, मग वेग मरायचा, मग मी पायडल मारायची, आणि शेवटी उतरून ढकलायची. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, आणि माझी निम्मी गावं त्या चढाच्या पलीकडं.

राजुरीच्या मेकॅनिकनं प्लग साफ केला, चेन पाहिली, स्वतः एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "ताई, गाडीत कायबी दोष न्हाई. वझं कमी करा."

मी मागं बांधलेली रजिस्टरांची पिशवी सोडायला लागले.

"पिशवीचं न्हाई म्हणलं मी," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडं वळला.

मोपेड चढली नाही तर पुन्हा नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसणं आलं. नवरा भला माणूस, पण रस्त्यात भेटेल त्याच्याशी कांद्याच्या भावावर बोलल्याशिवाय त्याची गाडी पुढं सरकत नाही. मी वेळापत्रक करून जगणारी बाई. मोपेड आल्यापासून माझा दिवस माझ्या हातात आला होता, आणि तो मी परत देणार नव्हते. म्हणजे वजन उतरवायचं, दुसरा मार्ग नाही.

आधी वजन किती ते कळायला हवं. अंगणवाडीतल्या काट्याला बाळांची झोळी लटकवतात, तो माझ्या कामाचा नव्हता. नवरा मंचरला कांदा घेऊन निघाला तेव्हा मीही गेले, आणि गाडी खाली होताच मार्केटातल्या काट्यावर गोणीच्या जागी जाऊन उभी राहिले. हमालानं काटा वाचला, पोत्याकडं बघावं तसं माझ्या साडीकडं बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "बारदान वजा करू का, बाई?" नवरा इतका हसला की आडत्याच्या हिशोबाच्या पट्टीची वाट न बघता चहा प्यायला निघून गेला.

घरी येऊन मी कुठं कुठं जादा खाते याची यादी केली. बारसं, डोहाळजेवण, सप्ताह, प्रत्येक सेविकेच्या घरचे पोहे. पण या सगळ्यांच्या वर एकच नाव होतं: यात्रा. आमच्याकडं चैत्र लागला की आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची, असं वैशाखापर्यंत चालतं. प्रत्येक गावात ओळखीची दहा घरं, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी नुसतं पाणी प्यायलं तर दुसरं घर वर्षभर बोलत नाही. पुरणपोळी, मासवडी, रस्सा, आणि वर आग्रह. आग्रहापुढं मला नाही म्हणता येत नसे. खरं सांगायचं तर मी फार जोर लावून म्हणतही नसे.

त्यावर मी एक हुशारी केली. उपवास आहे असं सांगायला लागले. सोमवारी शंकराचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. मधल्या वारांना संकष्टी आणि एकादशी मदतीला येत. उपवासाच्या बाईला कोण आग्रह करणार, असा माझा हिशोब.

आमच्या भागात बटाटा किती पिकतो हे मी हिशोबात धरलं नव्हतं. पहिल्याच घरी माझ्यासाठी वेगळी चूल पेटली. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, बटाट्याचे पापड, वर तुपाची धार. आणि पंगतीतलं जेवण नको म्हटलं तर दुसऱ्याच्या पानात जातं, हे तर माझ्या एकटीसाठी केलेलं. ते टाकायचं कसं? शिवाय बातमी माझ्या मोपेडच्या पुढं धावायची. मी पोचायच्या आधीच पुढच्या घरी साबुदाणा भिजलेला असायचा. बाई किती देवाचं करतात, म्हणून दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या. पंधरवड्यात ब्लाउज उसवला, आणि जिथं आधी नुसतं पायडल मारून भागायचं, तिथंही उतरून ढकलावं लागायला लागलं.

सुटका झाली ती येडगावला, नणंदेच्या घरच्या यात्रेत. पाहुणे अंदाजाच्या दुप्पट आलेले, आणि वाढायला माणसं नाहीत. नणंदेच्या यजमानांनी, मला नीट न बघताच, आमटीची बादली माझ्या हातात दिली. मी पदर खोचला आणि सुटले. "घ्या पावणं, घ्या की, एवढ्यानं काय व्हतंय," असं मी लोकांना म्हणत होते, आणि चौथ्या पंगतीला माझ्या लक्षात आलं की मला कुणीच काही म्हणत नाहीये. हातात बादली असलेल्या माणसाला आग्रह करायची आपल्याकडं रीतच नाही. तो सोहळा झाल्यावर जेवतो, असं सगळे धरून चालतात.

शेवटी आम्ही वाढपी बसलो. त्या गडबडीत माझ्या उपवासाची आठवण कुणालाच नव्हती. मी एक भाकरी घेतली, पाय दुखत होते, आणि कडकडून भूक लागली होती. ती भाकरी इतकी गोड लागली की मी थांबून विचार केला: शेवटची भूक कधी लागली होती मला? आठवेना. मी आजवर भुकेनं खातच नव्हते, कुणीतरी वाढलं म्हणून खात होते. भाकरी संपली, भूक संपली, मी हात धुतले.

त्या हंगामात एकही बादली मी सोडली नाही. यात्रा असो, लग्न असो, आधी बादली पकडायची. लोक म्हणायला लागले, बाई आल्या का, मग वाढपाची काळजी नको. उपवास एकेक करून गुपचूप मिटवले.

घरी मात्र उलटं करावं लागलं. घरात मी सगळ्यांच्या मागून जेवायची आणि पातेल्यातलं, मुलांच्या ताटातलं, वाया नको म्हणून संपवायची. ते बंद. मी सगळ्यांच्या बरोबर ताट घेऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, "मग उरलेलं कोण संपवणार?" मी म्हटलं, म्हैस. म्हैस त्यांची लाडकी होती, त्यामुळं विषय तिथंच मिटला.

दिवाळीनंतर एका सकाळी मी धरणाखाली आले, नेहमीसारखे पाय पायडलवर ठेवले, आणि मोपेड वर जायला लागली. आवाज बदलला, मी श्वास धरला, आवाज तसाच राहिला आणि आम्ही वर पोचलो. मला खरं वाटेना. मी वळून खाली गेले आणि पुन्हा चढले. मग पुन्हा. शेजारच्या रानात कांद्याला पाणी देणाऱ्या एका भाऊंनी खोरं टेकलं आणि काय हरवलं का म्हणून विचारलं. मी हसत नुसताच हात हलवला आणि आणखी एकदा खाली गेले.

त्या फेरीला अर्ध्या चढावर गाडी फुरफुरली आणि बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. मी उतरले आणि ढकलायला लागले, पण हसू आवरेना, त्यामुळं गाडी पुढं कमी आणि मागंच जास्त येत होती.

"वजनानं न्हाई थांबली," मी भाऊंना ओरडून सांगितलं, "पेट्रोल संपलंय."

ते बांध ओलांडून आले आणि मागून हात लावला. मला खालीवर बघितलं आणि म्हणाले, "बाई, जरा खात जावा की. ढकलायलासुदिक जोर राह्यला न्हाई तुमच्यात."